थोरलीची तारीख

माईनं गळ्यातला टाक काढून माझ्या हातावर ठेवला तेव्हा मी दचकलेच. आबा, म्हणजे माझे आजोबा, गेले त्या दिवशी तिनं मंगळसूत्र उतरवलं होतं, पण टाक नाही. आंघोळीला नाही, बाळंतपणात नाही, एकदा ताप डोक्यात गेला होता तेव्हाही नाही.

"धर," ती म्हणाली. "काय वजन हाय का त्येला? पर मला आता पेलत न्हाई."

साल शहाण्णव. संक्रांत होऊन आठेक दिवस झाले असतील. साताऱ्याच्या डॉक्टरांनी तिच्या पोटातली गाठ बघून ‘घरी न्या, खाईल ते खाऊ द्या’ एवढंच सांगितलं होतं. त्याचा अर्थ घरात सगळ्यांना कळला, माईला सगळ्यांच्या आधी.

टाक म्हणजे करंगळीच्या नखाएवढा सोन्याचा पत्रा, त्यावर उमटवलेली बाईची आकृती. आमच्यात पहिली बायको वारली आणि माणसानं दुसरं लग्न केलं, तर दुसरीनं पहिलीचा टाक गळ्यात घालायचा. सणाला नैवेद्य आधी तिला दाखवायचा. नवं लुगडं आधी तिला लावायचं आणि मग आपण नेसायचं. मेलेल्या सवतीचा मान राहतो आणि ती संसाराला आडवी येत नाही, असं म्हणतात. माई त्रेचाळीस वर्षं हे बिनचूक करत आली होती. लहानपणी मला वाटायचं, ती माईची कुणीतरी मैत्रीण असावी.

ती सगुणाबाई. आबांची पहिली बायको आणि माझ्या वडिलांची, अण्णांची, जन्मदाती आई. घरात तिला थोरलीच म्हणायचे. अण्णा दोन वर्षांचे असताना तिच्या डोक्यावर परिणाम झाला. पोराला कडेवर घेऊन विहिरीच्या काठावर जाऊन बसायची म्हणे. बावन्न सालच्या दिवाळीनंतर आबांनी तिला वेड्यांच्या इस्पितळात नेऊन ठेवलं आणि तीन-चार महिन्यांनी, ती तिकडंच गेली, असं गावात सांगितलं. त्रेपन्नच्या वैशाखात माई घरात आली, सतरा वर्षांची. तिला पुढं तीन मुलं झाली आणि एकही महिन्यावर जगलं नाही. अण्णांनाच तिनं वाढवलं. पन्नाशीला आलेला, पिठाची गिरणी चालवणारा माणूस, पण माईनं भाकरी मोडून ताटात टाकल्याशिवाय तो जेवायला सुरुवात करत नसे.

"तू पंचायतीत मेल्याजित्याचं लिवतीस," माई म्हणाली. "तुला कागदातलं कळतं. थोरली कवा गेली, तेवढी तारीक मला आनून दे, हेमे."

मी म्हटलं, आता कशाला? तिचं म्हणणं असं की ती गेल्यावर टाक देव्हाऱ्यात जाणार, मग थोरलीचं पान तिथीला वाढायला नको का? आजवर कुणालाच तिथी माहीत नसल्यामुळं सर्वपित्रीला सगळ्यांबरोबर तिचंही उरकत असू. मला हे पटलं. माणूस जाण्याआधी आवराआवर करतंच. पण टाक परत घेताना तिची मूठ मिटेना.

"आन् माझ्या लग्नाच्या आदी गेली का मागनं, ते बघ," ती म्हणाली. "मला त्येच पायजे."

मग तिनं मला जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. आबांचं स्थळ आलं तेव्हा माईचे वडील, गणपत शेडगे, अडून बसले होते. बाई वेडी होऊन इस्पितळात आहे एवढं त्यांच्या कानावर होतं. जिवंत सवतीवर पोरगी द्यायची नाही, असं त्यांनी मधल्या माणसाला स्पष्ट सांगितलं. आबा म्हणाले, ती गेली. कशावरून? कागद नव्हता, मढं कुणी पाहिलं नव्हतं, दहाव्याला कुणी गेलं नव्हतं. तेव्हा आबांनी बंडीच्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि शेडग्यांच्या पुढं सोडली. आत टाक होता. सोनारानं नुकताच घडवलेला, चकचकीत.

"बापानं हातात घेतला, कपाळाला लावला, आन् सुपारी फोडली," माई म्हणाली. "जित्या बाईचा टाक कोन करंल? कुनाच्या मनातबी आलं न्हाई."

"तुझ्या?"

तिनं टाकावरून अंगठा फिरवला. म्हणाली, "जित्या बाईला म्या मेलेली म्हनून गळ्यात घालून फिरली असंन, तर वर जाऊन काय तोंड दाखवू?"

मी त्या वेळी पंचवीस वर्षांची होते आणि मला स्वतःविषयी बरंच काही वाटायचं. गावातल्या कुठल्याही माणसाच्या मरणाची तारीख मी दोन मिनिटांत काढून देत असे. एका म्हातारीच्या मनातली टोचणी एका तारखेनं निघत असेल तर एवढं तरी आपण करूच, असं मला वाटलं.

अण्णांना विचारणं भाग होतं. गिरणीत जाऊन विचारलं. ते पट्टा चढवत होते. म्हणाले, मला आई एकच आहे, ती घरात पडलीय. मढी उकरू नकोस. मग पट्टा चढवून झाल्यावर, पाठमोरेच, म्हणाले, "जातीसच तर जा. पण काय सापडलं ते मला सांगू नकोस. माईला सांग, तिला बरं वाटत असंल तर."

इस्पितळ कुठल्या शहरातलं ते इथं लिहीत नाही. सकाळच्या एसटीनं गेले आणि अकराच्या सुमारास तिथल्या दप्तराच्या खोलीत पोचले. दप्तर सांभाळणारे मुजावर म्हणून एक गृहस्थ होते. निवृत्तीला आलेले, हातात पिठाच्या पोत्याचं कापड, त्यानं प्रत्येक फाइल उघडण्याआधी पुसायचे. मीही जन्ममृत्यूच्या नोंदीचंच काम करते म्हटल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. असे लोक फार येत नाहीत, ते म्हणाले. आणि आले तरी जमिनीच्या कामासाठी येतात.

आम्ही बावन्न ते चोपन्नचं मृत्यूचं रजिस्टर काढलं. सगुणा नव्हती. पंचावन्न, छप्पन्न पाहिलं. मला वाटलं, तारीख माईच्या लग्नानंतरची निघणार, वर्षा-दोन वर्षांनी, आणि घरी जाऊन काय सांगायचं याची जुळवाजुळव मी मनात सुरू केली. साठपर्यंत पानं उलटली तेव्हा मुजावरांनी रजिस्टर मिटलं.

"असं मरणाकडनं शोधत बसलो तर दिवाळी होईल," ते म्हणाले. "दाखल केल्याचा महिना सांगा."

त्यावरून नंबर मिळाला आणि नंबरावरून फाइल. ती बावन्नच्या कपाटात नव्हती. पार टोकाच्या, नव्या कपाटात होती आणि चांगली जाडजूड होती. मुजावरांनी ती पुसली, शेवटचं पान उघडलं आणि माझ्याकडं न बघता माझ्यापुढं सरकवली.

सगुणा हैबतराव भोईटे. मृत्यू न्युमोनियानं, एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी, ऑगस्ट महिना. वय अठ्ठावन्न. प्रेत ताब्यात घेण्यास कोणी नातेवाईक नाही, अंत्यविधी सरकारी खर्चानं.

अठ्ठ्याऐंशी साली मी बारावीत होते. त्या ऑगस्टात अण्णांनी गिरणीला नवी मोटर बसवली होती आणि तिच्या पूजेला माईनं पुरणाचा घाट घातला होता. नैवेद्य आधी टाकाला दाखवला असणारच. मला खुर्चीत बसवेना, म्हणून मी उभी राहिले, आणि उभं राहून करायचं काही नव्हतं म्हणून पुन्हा बसले.

"लग्नाच्या मागनं," मी म्हटलं. "पस्तीस वर्षं मागनं."

मुजावरांना त्याचा संदर्भ नव्हता. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. मी फाइल शेवटाकडून चाळत मागं जाऊ लागले. दर वर्षीचा एक छापील तक्ता होता. त्यात वजन, प्रकृती, दिलेलं काम. काम बहुतेक वर्षं एकच, धुलाई. आणि प्रत्येक तक्त्यावर, वैवाहिक स्थिती या शब्दांपुढं, ‘विधवा, मूल नाही’.

"ही चूक आहे," मी म्हटलं. "माझे आजोबा एकोणऐंशीला गेले. यातले कितीतरी तक्ते त्याआधीचे आहेत. आणि मुलगा आहे. त्याचीच मी मुलगी."

मुजावरांनी चष्मा लावला. दाखल करतानाचा अर्ज काढला. त्यावर ‘विवाहित, एक मुलगा, वय दोन’ असं स्वच्छ अक्षरात होतं. मग ते एकेक वर्ष पुढं येत गेले. त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न, छप्पन्न, सगळीकडं विवाहित. सत्तावन्नला विधवा. त्या दोन तक्त्यांच्या मध्ये काही सुटे कागद टाचलेले होते. टाचणी गंजून कागदाला चिकटली होती. ती त्यांनी नखानं सोडवली.

पहिला कागद आबांच्या नावे पाठवलेल्या पत्राची नक्कल. रुग्ण सहा महिन्यांपासून पूर्ण बरी आहे, तरी येऊन घेऊन जावे.

दुसरा कागद वहीचं फाडलेलं पान. अक्षर तिसरी-चौथी शिकलेल्या माणसाचं, प्रत्येक अक्षर वेगळं काढलेलं. मजकूर मला आजही पाठ आहे. ‘मी खाली सही करणार सगुणाची धाकटी बहीण आहे. तिचे यजमान वारले. तिचा मुलगा पण वारला. घरी तिला कोणी नाही. माझ्याकडे ठेवता येत नाही. तरी तिला येथेच ठेवावे. परत पत्र पाठवू नये ही विनंती.’ खाली सही, यमुना गणपत शेडगे.

माईचं माहेरचं नाव.

"या कोण?" मुजावरांनी विचारलं.

"ओळखत नाही," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि तिसरा कागद वाचू लागले. तो डॉक्टरांचा शेरा होता, इंग्रजीत. ते वाचून मराठीत सांगत होते, सवयीच्या आवाजात, आणि मध्येच त्यांचा आवाज हळू झाला. बहिणीची आणि रुग्णाची भेट करून दिली. दहा मिनिटं दोघी बसल्या. भेटीनंतर रुग्णाला पती व मुलगा यांच्या निधनाची माहिती दिली. रुग्ण म्हणते, मला बहीण नाही. म्हणते, नवरा जिवंत आहे, मुलगा जिवंत आहे, मला न्यायला या बाईला पाठवलं होतं. समजावूनही हेका सोडत नाही. भ्रम कायम. घरी सोडण्याचा निर्णय रद्द.

सगुणाबाईला बहीण नव्हती. चार भावांत ती एकटी होती, हे आमच्या घरातलं शेंबडं पोरही सांगेल.

पुढच्या एकतीस वर्षांत भेटायला कुणीही आलं नव्हतं. आबाही नाहीत. छत्तीस वर्षांत तिला भेटायला आलेलं माणूस एकच, माई.

मुजावरांनी फाइल बंद केली नाही. कुणाला तरी हाक मारून मागच्या चाळीतून लीलाबाईला बोलवायला सांगितलं. तिथं आया म्हणून तीस वर्षं काम केलेली ही बाई, आता निवृत्त होऊन तिथंच मुलाकडं राहत होती. ती आली, दारातच थांबली, आणि नाव ऐकल्यावर लगेच म्हणाली, "धुलाईतली सगुणा व्हय?"

ती म्हणाली, शांत बाई होती. कामाला वाघ. फक्त एक खोड होती. विटेचा तुकडा घासून त्याचा चुरा कपाळाला लावायची. विधवा बाईनं असं करू नये म्हणून आम्ही पुसायचो, ती परत लावायची. दुसरं म्हणजे दिवाळी आली की पोराचं वय मोजायची. आधी हात एवढा करून दाखवायची, मग एवढा. शेवटी शेवटी म्हणायची, आता त्याच्या पोरीचं बघायला लागले असतील.

"तुमी कोन तिच्या?" लीलाबाईनं मला विचारलं.

"नात."

तिला आधी उमजलं नाही. "भावाची नात?"

"मुलाची."

लीलाबाईनं आपल्या उजव्या हाताचा तळवा उलटून बघितला.

"म्हंजे ती खरं सांगत व्हती," ती म्हणाली. "वीस-बावीस वर्षं माझ्या हातानं पुसलं मी तिचं कपाळ."

तिला काय सांगायचं? तुमची चूक नाही असं मी म्हटलं, आणि ते खरं होतं, पण त्याचा तिला काही उपयोग नव्हता. निघताना मी मुजावरांकडं मृत्यूच्या दाखल्यासाठी अर्ज केला नाही. त्यांनी दोनदा विचारलं. मी म्हटलं, नको, बघायचं होतं ते बघून झालं.

एसटीत मला खिडकी मिळाली आणि मी तीन तास बाहेर बघत बसले. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. जिच्या मांडीवर मी वाढले, जिनं मला गोवर आला तेव्हा सात रात्री डोळा लावला नाही, त्याच बाईनं दुसऱ्या एका बाईला दहा मिनिटांत जिवंत पुरलं होतं, आणि पुरून घरी येऊन तिच्या टाकाला नैवेद्य दाखवला होता.

मी तिच्या बाजूनंही विचार करून पाहिला, नाही असं नाही. सत्तावन्न साली ती एकवीस वर्षांची होती. तिसरं मूल त्याच वर्षी गेलं होतं. आबा कुठंतरी परगावी असणार आणि पोस्टमननं पत्र तिच्या हातात दिलं असणार. ती कुणाला न सांगता एवढ्या लांब एकटी गेली, म्हणजे तिला खरं-खोटं करायचं होतं. कदाचित घेऊन यायला गेली असेल. आणि समोर थोरलीला धडधाकट बघितल्यावर तिला कळलं असेल की ही घरी आली तर आपण कोण? लग्न खोटं, टाक खोटा, आणि घरात जे एक पोर आपल्याला आई म्हणतं तेही हिचं. हे सगळं मला समजत होतं. समजल्यानं राग कमी होतो म्हणतात, माझा झाला नाही.

अण्णांना सांगायचं नव्हतं, त्यांनीच सांगू नको म्हटलं होतं. पण ते मी त्यांच्यासाठी पाळणार होते असं नाही. त्यांना सांगितलं तर ते कोसळतील आणि मग घरात माईच्या उशाशी कोण बसणार, हा हिशेब मी केला होता. तो हिशेब थंड होता, तेही मला कळत होतं.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. माई भिंतीला टेकून बसली होती. आईनं तिला नुसतीच पेज दिली होती आणि ती तशीच वाटीत निवत पडली होती. मी हातपाय धुवून येईपर्यंत तिनं आईला काहीतरी काम सांगून मागच्या दारी पाठवलं. नंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की तिला त्या क्षणी खोलीत फक्त आम्ही दोघी हव्या होत्या.

"घावली?" तिनं विचारलं.

"घावली."

"कवा?"

मी तिच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "पौषात. त्रेपन्न साल. तुझ्या लग्नाच्या चार महिने आधी."

माईच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं एखाद्याला वाटेल. मला तसं वाटलं नव्हतं, कारण मला सगळं ठाऊक होतं. ती माझ्याकडं बघत राहिली. तिचे ओठ जरा हलले आणि थांबले.

"कागद बघितलास का कुनी तोंडी सांगितलं?"

"कागद बघितला."

"आन् काय व्हतं त्यात?"

"काही नाही. वाळवीनं खाल्लेले जुने कागद. तुझ्यावर काही डाग नाही, माई. तू सुटलीस."

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम बोलले. तिला कळावं म्हणून बोलले, आणि तिला कळलं. तिनं वाटी जवळ ओढली, पेजेवर धरलेली साय बोटानं बाजूला केली आणि म्हणाली, "बरं झालं."

त्या वेळी मी स्वतःला सांगितलं की ही दया आहे. मरायला टेकलेल्या बाईच्या तोंडावर तिचं पाप कशाला फेकायचं? पुढं कितीतरी दिवस मी असंच सांगत राहिले. पण मी गावातल्या मरणांची नोंद करणारी मुलगी आहे, हे माईला पक्कं माहीत होतं. मी इस्पितळात जाईन, फाइल मागेन, पानं उलटीन आणि तिचं नाव वाचीन, हेही तिला माहीत होतं. तारीख तिला नकोच होती. आधी का मागनं, याचं उत्तर तिनं सत्तावन्न सालीच स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. स्वतःच्या तोंडानं सांगणं तिला जमत नव्हतं, म्हणून तिनं मला त्या कागदापाशी पाठवलं. मी परत येऊन तिला काहीही बोलले असते, शिव्या दिल्या असत्या, तरी तिनं खाली मान घालून ऐकल्या असत्या. मग तिला बोलता आलं असतं. मी तिला निर्दोष ठरवलं. याहून मोठी शिक्षा मला सुचली नसती.

त्यानंतर ती साडेचार महिने होती. दोनदा तिनं प्रयत्न केला. एकदा मी तिच्या पायांना तेल लावत होते, तेव्हा म्हणाली, "हेमे, सत्तावन साली म्या एकदा..." आणि मी तेलाची वाटी उचलून, गरम करून आणते, म्हणून उठले. आत चुलीपाशी बराच वेळ उभी राहिले. परत आले तेव्हा तिनं डोळे मिटले होते. दुसऱ्यांदा वटपौर्णिमेच्या आधी. अण्णा शेजारी बसून तिला वारा घालत होते. ती त्यांच्याकडं बघून म्हणाली, "जयवंता, तुझी आई लई..." अण्णा म्हणाले, माझी आई तूच, गप पड. मला उठावं लागलं नाही, तिला गप्प करायचं काम त्यांनीच केलं.

त्या दोघी दहा मिनिटं बसल्या होत्या, एवढं फाइलमध्ये होतं. काय बोलल्या ते नव्हतं. थोरलीनं तिला ओळखलं होतं का? पोराचं विचारलं का? माईनं तिला काय सांगितलं, आपण कोण म्हणून? ‘मला न्यायला या बाईला पाठवलं होतं’ असं थोरली डॉक्टरांना म्हणाली, म्हणजे आधी माईनं तिला चल म्हटलं होतं का, आणि मग मन फिरलं? माझ्या आजीविषयी, जिला मी कधी पाहिलं नाही तिच्याविषयी, सांगू शकणारं आमच्या घरात एकच माणूस होतं आणि ते माझ्यापुढं अंथरुणावर पडलं होतं. रोज विचारायचं ठरवायची आणि रोज पाणी विचारायची, औषध विचारायची.

शेवटचे दोन दिवस ती नुसती धुगधुगीवर होती. डोळे उघडे, आणि खोलीत मी जिकडं जाईन तिकडं ते फिरायचे. शेजारच्या बायका येऊन बसल्या होत्या. कुणी म्हणालं, हिचा जीव कशात तरी अडकलाय, विचारा. अण्णा गुडघ्यावर बसले, तिच्या तोंडाजवळ कान नेला आणि लहान पोरासारखे रडत विचारू लागले की माई, काय पाहिजे, कुणाला बोलवू? मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुला काय ठाऊक आहे का गं? तुझ्याशी बोलायची ती. कशात अडकलाय जीव?"

"कशात नाही," मी म्हटलं.

माईनं ते ऐकलं. तिनं माझ्याकडं बघून तोंड उघडलं, जीभ वर नेली, घशातून आवाज निघायला लागला. बायका पुढं सरकल्या. माझ्या हातात पाण्याचा चमचा होता. मी तो तिच्या तोंडात घातला आणि पाणी सोडलं. ते गिळायला तिला तोंड मिटावं लागलं. मग मी दुसरा चमचा भरला.